तोंडातला स्कॅन अचूक कसा घ्यावा: नव्या डेंटिस्टसाठी, लॅबच्या टेबलावरून

पहिला इंट्राओरल स्कॅनर (तोंडात फिरवून दातांचं डिजिटल माप घेणारं यंत्र) घेतलेल्या डॉक्टरांच्या फाइल आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा चित्र देखणं असतं. गुलाबी हिरडी, पांढरेशुभ्र दात, कुठे भोक नाही. डिझाइनला बसलं की मात्र मार्जिनची, म्हणजे कॅपची कड दाताला जिथं मिळते ती रेघ दोन-तीन ठिकाणी सापडत नाही, शेजारच्या दाढेची कॉन्टॅक्टची (कॅपला टेकणारी) बाजू फुगलेली असते, किंवा बाइटमध्ये (दात मिटून घेतलेल्या स्कॅनमध्ये) वरचे दात खालच्या दातांत रुतलेले असतात. सॉफ्टवेअर रिकाम्या जागा स्वतःच्या अंदाजानं भरतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतं, त्यामुळे चुकलेला स्कॅनही पूर्ण दिसतो. स्कॅन छान दिसतोय यावर समाधान मानू नका, तो बरोबर आहे का ते तपासा, हे माझं सांगणं आहे. आणि ते तपासता येतं. कोल्हापुरात तर इतर शहरांपेक्षा सोपं आहे. ते कसं, हे शेवटी सविस्तर सांगतो.

मी डेंटल टेक्निशियन आहे. तोंडात काम करणं तुमचं, पण तुमच्या हातून काय सुटलं ते आधी आम्हाला दिसतं, म्हणून हे लिहितोय. चंदगड-आजऱ्याहून एसटीनं आलेल्या पेशंटला कॅप बसली नाही म्हणून परत बोलावायचं म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी बुडते. स्कॅनच्या वेळी दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील, ही खेप वाचली पाहिजे.

स्कॅनर नेमकं काय करतो

स्कॅनर संपूर्ण जबड्याचा एक फोटो काढत नाही. टिपच्या (तोंडात जाणाऱ्या टोकाच्या) आरशासमोर जेवढं येतं, साधारण एखाद-दुसऱ्या दाताएवढं, तेवढ्याचं तो एका वेळी माप घेतो. टिप सरकते तसा पुढचा तुकडा येतो, आणि आधीच्या तुकड्याशी जुळणारा भाग शोधून सॉफ्टवेअर दोन्ही जोडतं. असे शेकडो-हजारो तुकडे जोडून जबडा तयार होतो.

प्रत्येक जोडणीत बारीकशी चूक राहते. खोलीत फरशी घालताना पहिली ओळ केसभर तिरकी गेली तर पलीकडच्या भिंतीशी बोटभर फट पडते, तसंच इथं होतं. उजव्या शेवटच्या दाढेपासून डाव्या शेवटच्या दाढेपर्यंत जाताना चुका साठत जातात. म्हणून एका कॅपचा किंवा एका बाजूचा स्कॅन १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बराच आत सहज राहतो आणि पूर्ण जबड्याच्या स्कॅनमध्ये टोकापासून टोकापर्यंतची चूक १०० मायक्रॉनच्या पुढे जाऊ शकते. यंत्र चांगलं असलं तरी हे गणित बदलत नाही, फक्त आकडे लहान होतात.

किती चूक चालते? कॅपच्या कडेची फट १२० मायक्रॉनपर्यंत चालावी, हा मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये दिलेला आकडा आजही सगळे वापरतात. पण त्या १२० मध्ये तुमच्या स्कॅनबरोबर आमचं डिझाइन, मिलिंग (यंत्रानं कॅप कोरणं), झिरकोनियाचं भट्टीतलं आकुंचन आणि तुमचं सिमेंट यांचाही वाटा असतो. स्कॅननंच ८० खाल्ले तर बाकीच्यांना काही उरत नाही.

अचूकतेला दोन अंगं आहेत आणि ती वेगळी ठेवायला सुरुवातीपासून शिका. एकच जबडा पाच वेळा स्कॅन केला तर पाचही स्कॅन एकमेकांशी किती जुळतात, हे एक. आणि ते खऱ्या मापाशी किती जुळतात, हे दुसरं. पाचही स्कॅन एकमेकांशी तंतोतंत जुळले आणि सगळेच २०० मायक्रॉननं रुंद निघाले, असंही होतं. आयएसओच्या २०८९६ या मानकाच्या पहिल्या भागात डिजिटल इंप्रेशनच्या यंत्रांची अचूकता कशी तपासायची ते दिलं आहे, त्याचा पायाही हाच आहे.

आधी यंत्र

कॅलिब्रेशन वेळेवर करा. किती दिवसांनी, हे कंपनीच्या पुस्तिकेत असतं आणि ते पाळायचंच. त्याशिवाय दोन प्रसंगी ते करावंच लागतं. स्कॅनर एका जागेहून दुसऱ्या जागी नेला तर, आणि खोलीचं तापमान बरंच बदललं तर. आपल्याकडे बरेच तरुण डॉक्टर कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर अशा दोन-तीन ठिकाणी बसतात आणि स्कॅनर गाडीतून फिरतो. रस्त्यातले धक्के आणि एप्रिलमध्ये बंद गाडीत तापलेलं यंत्र, या दोन्हींनंतर पहिल्या पेशंटच्या आधी कॅलिब्रेशन झालंच पाहिजे. गाडीतून आणल्या-आणल्या करू नका. एसी लावून यंत्र खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग करा.

टिप गरम होऊ द्या. बहुतेक स्कॅनरमध्ये आरशावर वाफ धरू नये म्हणून टिप तापवायची सोय असते, तिला एक-दोन मिनिटं लागतात. जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की गार टिप तोंडात गेली की आरसा लगेच धुरकट होतो. स्क्रीनवर ते भोक म्हणून दिसत नाही. खडबडीत, दाणेदार पृष्ठभाग म्हणून दिसतं, आणि मग सॉफ्टवेअर ते गुळगुळीत करून टाकतं.

टिपचा आरसा रोज उजेडाकडे धरून बघा. ऑटोक्लेव्हचे डाग, ओरखडे, कडेला सुटलेला थर असेल तर टिप बाद करा. टिप किती वेळा ऑटोक्लेव्ह करायची याला मर्यादा असते. प्रत्येक टिपला नंबर देऊन चक्रांची नोंद ठेवा. टिप महाग आहे म्हणून तिला आणखी महिनाभर ओढू नका, रिमेक, म्हणजे कॅप पुन्हा बनवणं, त्याहून महाग पडतो.

खुर्चीचा लाइट बंद करा. हे नवीन डॉक्टरांकडून सर्वांत जास्त वेळा राहून जातं. ऑपरेटिंग लाइट हजारो लक्सचा असतो आणि स्कॅनरच्या स्वतःच्या प्रकाशात तो ढवळाढवळ करतो. खोलीतला साधा ट्यूबलाइट बहुतेक यंत्रांना चालतो, खिडकीतून थेट तोंडावर येणारं ऊन मात्र नको. तुमच्या यंत्राला किती उजेड मानवतो ते पुस्तिकेत बघा, सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं.

लॅपटॉपवर चालणारा स्कॅनर असेल तर चार्जर लावूनच स्कॅन घ्या. बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड मंदावतं, जोडणी अडखळते. लाइट जाण्याचा भरवसा नसतो, त्यामुळे यूपीएस असावाच.

मग तोंड

अचूकतेचा सगळ्यात मोठा हिस्सा स्कॅनर हातात घेण्यापूर्वीच ठरलेला असतो.

प्रकाशाला जे दिसतं तेवढंच स्कॅनर मोजतो. पुट्टी आणि लाइट बॉडीनं माप घेताना मटेरियल दाबानं हिरडीच्या खाली शिरायचं, थोडीफार लाळ-रक्त बाजूला सारायचं. प्रकाश काहीच बाजूला सारत नाही. हिरडी मार्जिनवर पाव मिलिमीटर आली असली तर स्कॅनरच्या दृष्टीनं दात तिथंच संपला.

म्हणून मार्जिन शक्य तिथं हिरडीच्या वर ठेवा. मागच्या दाढेला सौंदर्याचा प्रश्न नसतो, तिथं हिरडीखाली जाण्याची गरज जुनी कॅप किंवा कीड तिथवर असेल तरच पडते. जावंच लागलं तर कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा) नीट भरा. मी पाहिलेल्या स्कॅनमध्ये दोन कॉर्डचे स्कॅन सर्वांत स्वच्छ असतात. बारीक कॉर्ड तळाशी राहते, वरची जाड कॉर्ड स्कॅनच्या क्षणी काढली जाते. वरची कॉर्ड काढण्याआधी ओली करा, कोरडी ओढली तर हिरडीचं अस्तर निघून रक्त सुरू होतं. काढली की हवा मारून लगेच तोच दात आधी स्कॅन करा. हिरडी परत मिटायला फार वेळ लागत नाही. फेरिक सल्फेट वापरलं असेल तर त्याचा काळपट गोळा भरपूर पाण्यानं धुवून काढा, तो मार्जिनवर राहिला तर आम्हाला दातच वाटतो. कॉर्डचे तंतूही असेच फसवतात.

हिरडी सुजलेली असेल, हात लावला की रक्त येत असेल, तर त्या दिवशी स्कॅन घेऊ नका. क्लिनिंग करा, कडा नीट बसणारी टेम्पररी द्या आणि आठ-दहा दिवसांनी बोलवा. पेशंट लांबचा असतो तेव्हा आजच उरकून टाकू असं वाटतं, पण अशा स्कॅनवरची कॅप दुसऱ्याच नव्हे, तिसऱ्या खेपेला नेते. मिश्री लावणाऱ्या आजींच्या दातांवर काळा थर आणि टार्टर असतो. प्रेप केलेल्या (कॅपसाठी कोरलेल्या) दाताशेजारचे दातही आधी स्वच्छ करून घ्या, कारण कॉन्टॅक्ट त्यांच्यावरच बेतायचा असतो. आज टार्टरवर बेतलेला कॉन्टॅक्ट उद्या टार्टर काढल्यावर सैल होतो.

लाळेचं पातळ पाणी दातावर राहिलं की प्रकाश त्यातून वाकून जातो आणि स्कॅनर पाण्याचाच पृष्ठभाग मोजतो. खाचांमध्ये पाणी साठलं तर दाढेच्या खाचा उथळ येतात, आणि आमची कॅप चावताना उंच लागते. सक्शन, कापसाच्या गुंडाळ्या, गाल-ओठ बाजूला धरणारा रिट्रॅक्टर, आणि प्रत्येक बाजू घेण्याआधी हवेचा फवारा, एवढं तरी हवंच. सहायक असेल तर तिच्या हातात एअर सिरिंज द्या आणि तुमच्या टिपच्या एक दात पुढं ती चालत राहील असं दोघांचं जमवा. एकट्यानं स्कॅन घेणाऱ्यांच्या फाइलमध्ये खालच्या दाढांची जिभेकडची बाजू जवळजवळ नेहमीच ओली असते.

दात फार कोरडा दिसला तरी चमकणाऱ्या गोष्टी त्रास देतातच: पॉलिश केलेली धातूची कॅप, जुनी चांदीची फिलिंग, समोरच्या दातांच्या पारदर्शक कडा. झुरिकला मॉरमान आणि ब्रँडेस्टिनी यांनी १९८५ मध्ये सेरेक या स्कॅन घेऊन कोरणाऱ्या यंत्रावर पहिल्या पेशंटचं काम केलं, तेव्हा दातांवर पांढरी पावडर मारावी लागायची. आजच्या यंत्रांना ती सहसा लागत नाही, पण धातूच्या मोठ्या चकचकीत पृष्ठभागावर टिपचा कोन बदलत दोन-तीन बाजूंनी घ्या. नाहीच जमलं तर कंपनीला चालणाऱ्या स्प्रेचा अगदी विरळ थर मारा. जाड थर म्हणजे तेवढी जाडी मापात वाढली.

प्रेपबद्दल थोडं, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. टोकदार कोपरे गोल करा. मिलिंगचा सर्वांत बारीक बर ज्या कोपऱ्यात शिरू शकत नाही तिथं सॉफ्टवेअर कॅप आतून जास्त कोरतं, आणि कॅप सैल होते. अंडरकट (कॅप सरळ बसू न देणारा, आत वळलेला भाग) ठेवू नका. शेजारच्या दातामध्ये आणि प्रेपमध्ये टिपचा प्रकाश जाईल एवढी फट असू द्या. दोन दात चिकटल्यासारखे असतील तर तिथं मार्जिन कुठल्याच कोनातून दिसत नाही.

तंबाखू-गुटख्यामुळे तोंड कमी उघडणारे पेशंट आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी लहान टिप घ्या, मिळत असेल तर. शेवटच्या दाढेच्या मागची बाजू जबरदस्तीनं घ्यायला जाऊ नका. तोंड थोडं मिटलं की गाल सैल पडतो आणि उलट जागा होते.

हात कसा फिरवायचा

आधी तुमच्या यंत्राच्या कंपनीनं दिलेला मार्ग पाठ करा आणि निदान सुरुवातीचे काही महिने तोच वापरा. जोडणीचं सॉफ्टवेअर त्या मार्गावर घासूनपुसून तयार केलेलं असतं. बहुतेकांचा गाभा एक आहे. शेवटच्या दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागापासून सुरुवात, त्याच पृष्ठभागावरून दुसऱ्या टोकापर्यंत, मग जिभेकडच्या किंवा टाळूकडच्या बाजूनं परत, आणि शेवटी गालाकडून. चावण्याच्या पृष्ठभागावर उंचवटे-खाचा भरपूर असतात, त्यामुळे तिथं जोडणी पक्की होते आणि बाकीच्या बाजू त्या कण्यावर बसतात.

हे करताना हात एकसारखा ठेवा. टिप दातापासून काही मिलिमीटरवर, अंतर जवळजवळ कायम. वेग एकसारखा. स्क्रीनकडे बघायची सवय लावून घ्या, पण टिपवरचं बोट दातावर टेकलेलं असू द्या, नाहीतर हात तरंगतो.

चावण्याच्या बाजूवरून जिभेकडे वळताना टिप एकदम ९० अंशांत फिरवू नका. ४५ अंशांच्या आसपास तिरकी करून थोडं चाला, मग पूर्ण वळवा. दोन्ही बाजू एकाच वेळी दिसत राहतात तेव्हाच सॉफ्टवेअरला त्या कशा जोडल्या आहेत हे कळतं. नवशिक्यांच्या स्कॅनमध्ये दाताची जिभेकडची भिंत पायरीसारखी सरकलेली दिसते, ती या उडीमुळे.

समोरचे दात अवघड. धार बारीक, दोन्ही बाजू गुळगुळीत, खाच नाही, म्हणजे सॉफ्टवेअरला धरायला काही नाही. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत टिप सरळ न ओढता धारेवरून ओठाकडे आणि टाळूकडे डोलवत न्या, म्हणजे प्रत्येक तुकड्यात धारेच्या दोन्ही बाजू येतील. इथं घाई केली की जबड्याची कमान उघडते किंवा मिटते. त्याचा परिणाम समोरच्या दातांवर दिसत नाही, दिसतो तो मागच्या दाढांमधल्या अंतरात, आणि म्हणूनच तो कुणाच्या लक्षात येत नाही.

जोडणी तुटली, स्कॅनर हरवला, तर थांबा. टिप परत एखाद्या आधी घेतलेल्या दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर न्या, त्यानं ओळखलं की तिथून पुढं या. हरवलेल्या जागीच टिप हलवत राहिलं तर चुकीच्या ठिकाणी जोडलेला तुकडा आत राहतो. दुहेरी रेघ किंवा दाताची सावली दिसली तर तो भाग कापून काढा, त्यावर आणखी स्कॅन करून झाकू नका.

कापून पुन्हा घेण्याचंही प्रमाण असावं. मार्जिनवर रक्त आलं, तेवढा भाग कापला, धुवून पुन्हा घेतला, हे योग्य. पण मोठमोठी भोकं पाडून अनेक वेळा भरत बसलं की प्रत्येक भरणीत नवी जोडणी, नवी चूक. तिसऱ्यांदा तोच भाग कापायची वेळ आली तर सगळं पुसा, तोंड कोरडं करा आणि नव्यानं सुरू करा. तेच लवकर होतं.

जास्त स्कॅन म्हणजे जास्त अचूक, हाही गैरसमज. गरज नसताना पुन्हा पुन्हा फिरलेली टिप फाइल जड करते आणि गाल-जिभेचे तुकडे आत आणते. एका कॅपसाठी पूर्ण जबडा घ्यायची गरज नाही. प्रेपची बाजू, दोन्ही शेजारी आणि चावणं समजेल एवढे दात पुरतात.

बाइट

खालचा जबडा तोंड मोठं उघडल्यावर किंचित आत दबतो. म्हणून खालचा स्कॅन घेताना पेशंटला आ वासून ठेवायला लावू नका, गरजेपुरतंच उघडू द्या.

बाइट शक्यतो भूल देण्यापूर्वी घ्या. बधिर झालेला पेशंट कुठेतरी चावतो आणि त्याला ते कळत नाही. प्रेपपूर्वीचा स्कॅन आणि बाइट आधी घेतली की भूल चढेपर्यंतचा वेळही कामी येतो. नंतर त्या स्कॅनमधून तो दात कापून तिथं प्रेप तेवढा भरता येतो. पेशंटला आधी दोन-तीन वेळा चावायला लावून त्याची रोजची चावण्याची जागा पाहून ठेवा. पूर्ण जबडा असेल तर बाइट दोन्ही बाजूंनी घ्या, एका बाजूची घेतली तर दुसरी बाजू उघडी राहते किंवा रुतते. बाइट घेताना टिप गालात घातली की पेशंट नकळत जबडा त्या बाजूला सरकवतो, त्यामुळे टिप आत गेल्यावर पुन्हा एकदा चावायला सांगा.

पेशंट उठण्याआधी

रंग बंद करा. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एकरंगी दृश्य असतं. रंगीत चित्रात हिरडीच्या आणि दाताच्या रंगातला फरक डोळ्याला मार्जिन असल्याचा भास देतो, एकरंगी दृश्यात फक्त आकार उरतो. त्या राखाडी पृष्ठभागावर मार्जिन पूर्ण गोल फिरून बघा. रेघ स्पष्ट आणि तुटक नसलेली हवी. मार्जिन तुम्हीच आखा. आम्ही आखतो तेव्हा अंदाज करतो, तुम्ही तो दात डोळ्यांनी पाहिलेला असतो.

मग शेजारच्या दातांच्या कॉन्टॅक्टच्या बाजू बघा. तिथं अंदाजानं भरलेला भाग वेगळ्या रंगात दाखवायची सोय असेल तर ती चालू करा. नंतर बाइटचा रंगीत नकाशा बघा. दात एकमेकांत खोल शिरलेले दिसत असतील तर बाइट पुन्हा घ्या, प्रत्यक्षात दात एकमेकांत शिरत नाहीत. आर्टिक्युलेटिंग पेपरच्या खुणा तोंडात कुठे आहेत आणि स्क्रीनवर संपर्क कुठे दाखवतोय, हे जुळवून बघणं ही बाइटची सर्वांत खात्रीची तपासणी आहे. शेवटी विरुद्ध जबड्यातल्या दाताशी प्रेपचं अंतर. झिरकोनियाला मागच्या बाजूला दीड मिलिमीटर जागा असली की आम्ही निर्धास्त असतो. कमी पडत असेल तर आत्ताच बर फिरवा, भूल अजून उतरलेली नाही.

इम्प्लांट, आणि स्कॅन कधी नको

स्कॅन बॉडी (इम्प्लांटची जागा स्कॅनरला दाखवण्यासाठी त्यावर बसवायचा तुकडा) पूर्ण बसली आहे का हे एक्स-रेनंच ठरवा. हाताला घट्ट लागली म्हणजे बसली असं नाही, खाली हिरडीचा पातळ पापुद्रा अडकला असेल तर ती काही दशांश मिलिमीटर वर राहते आणि तिथून पुढचं सगळं चुकतं. कंपनीनं सांगितल्यापेक्षा जास्त आवळू नका. पीक या प्लास्टिकची स्कॅन बॉडी वारंवार ऑटोक्लेव्ह केल्यानं आणि आवळल्यानं झिजते, तिच्या वापराची नोंद ठेवा. दोन इम्प्लांटमध्ये लांबवर नुसती गुळगुळीत हिरडी असेल तर जोडणी घसरते. तिथं हिरडीवर कंपोझिटचे काही ठिपके चिकटवले तर स्कॅनरला धरायला खुणा मिळतात.

पूर्ण जबड्याच्या इम्प्लांट ब्रिजसाठी नुसत्या इंट्राओरल स्कॅनवर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. दात मूळ आणि हाड यांच्यामधल्या धाग्यांवर थोडा हलतो, इम्प्लांट हाडात घट्ट असतो. ब्रिज शंभरेक मायक्रॉननं चुकला तरी स्क्रू आवळून तो ओढून बसवला जातो, आणि तो ताण नंतर कुठेतरी बाहेर पडतो. स्कॅन घ्याच, पण व्हेरिफिकेशन जिग (इम्प्लांटच्या जागा पडताळायचा साचा) करून तोंडात तपासा, एका टोकाचा स्क्रू आवळून दुसरं टोक उचलतंय का ते बघा. फोटोग्रॅमेट्रीचं (फोटोंवरून इम्प्लांटच्या जागा मोजणारं) यंत्र असलेल्या सेंटरला पाठवणं हाही चांगला मार्ग आहे.

पूर्ण दात नसलेला जबडा, हिरडीखाली खोल मार्जिन, न थांबणारं रक्त, खोल पोस्टची जागा, अशा ठिकाणी पुट्टी-लाइट बॉडी किंवा कस्टम ट्रे वापरण्यात काही कमीपणा नाही. ते माप पाठवा, आम्ही मॉडेल ओतून लॅबच्या स्कॅनरवर घेतो.

फाइल पाठवताना

एसटीएलमध्ये रंग नसतो आणि मापाचं एककही नसतं, पीएलवायमध्ये रंग राहतो. दोन्ही पाठवता येत असतील तर पीएलवाय पाठवा. यंत्राच्या स्वतःच्या पोर्टलवरून पाठवणं सर्वांत चांगलं, तुमची मार्जिन आणि बाइट त्यात शाबूत राहते. सोबत दोन ओळी लिहा: कुठल्या दाताला काय, कुठे शंका आहे. "जिभेकडच्या बाजूला रक्त होतं" एवढं लिहिलंत तरी आम्ही तिथं आधी बघतो. आणि पेशंटचं नाव-फोन असलेल्या फाइल ग्रुपवर टाकू नका.

स्वतःचं माप: उद्यमनगरातून एक मास्टर

आता सुरुवातीला म्हटलं ते. तुमचा स्कॅनर आणि तुमचा हात मिळून किती चुकतात, हे तुम्ही स्वतः मोजू शकता. यासाठी एक मास्टर लागतो, ज्याची मापं आधीच पक्की माहीत आहेत.

आपलं शहर कास्टिंग आणि मशिनिंगचं. शिवाजी उद्यमनगरात लोखंडाची पट्टी हवी तशी कापून देणारे वर्कशॉप सापडतात, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएमएम या तिन्ही मितींत मोजणाऱ्या यंत्रावर काही मायक्रॉनपर्यंत मोजणाऱ्या खोल्या आहेत. गाड्यांचे सुटे भाग तिथं रोज मोजले जातात. त्यांना दात माहीत नसले तरी गोळ्यांच्या केंद्रांमधलं अंतर मोजणं त्यांच्यासाठी नेहमीचं काम आहे.

जबड्याच्या आकाराची, घोड्याच्या नालेसारखी स्टीलची जाड पट्टी कापून घ्या. त्यावर चार जागी उथळ खळगे पाडून बेअरिंगच्या साधारण पाच मिलिमीटरच्या स्टीलच्या गोळ्या अ‍ॅरल्डाइटनं पक्क्या बसवा: दोन शेवटच्या दाढांच्या जागी, दोन सुळ्यांच्या जागी. गोळ्या चकचकीत असतात, म्हणून मोजण्यापूर्वी त्यांच्यावर आमच्यासारख्या डेंटल लॅबच्या सँडब्लास्टरनं अॅल्युमिनियम ऑक्साइड मारून चमक घालवा. अशी लॅब जवळ कुठेही सापडेल. गोळ्यांच्या मधल्या जागेत टायपोडॉन्टचे (सरावाच्या नकली जबड्याचे) सुटे प्लास्टिकचे दात चिकटवा, नाहीतर स्कॅनरला जोडायला काही सापडणार नाही. हे दात नंतर थोडे हलले तरी चालतं, मोजायच्या आहेत फक्त गोळ्या.

पट्टी स्टीलचीच का? मापनाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि सीएमएमची खोली त्याच्या जवळपास ठेवलेली असते. तुमचं क्लिनिक ३० अंशांवर असेल तर ५० मिलिमीटरचं अंतर स्टीलमध्ये सुमारे ६ मायक्रॉननं वाढतं, ते सोडून देता येतं. अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीत तेच अंतर ३५ ते ४० मायक्रॉननं वाढतं, म्हणजे तुम्ही स्कॅनरची चूक मोजायला जाल आणि उन्हाळा मोजाल.

सीएमएमवरून चारही गोळ्यांच्या केंद्रांमधली सहा अंतरं आणि प्रत्येक गोळीची त्रिज्या लिहून घ्या. तो कागद लॅमिनेट करून स्कॅनरजवळ ठेवा.

मग मास्टर पेशंटसारखा स्कॅन करा, त्याच मार्गानं, त्याच वेगानं. पाच वेळा, प्रत्येक वेळी नव्यानं सुरू करून. एसटीएल काढा आणि क्लाउडकम्पेअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. कात्रीच्या साधनानं एकेका गोळीचा भाग वेगळा करा आणि त्यावर गोल बसवण्याची आज्ञा द्या. ते केंद्राचे तीन आकडे आणि त्रिज्या देतं. दोन केंद्रांमधलं अंतर एक्सेलमध्ये काढता येतं.

वाचायचं असं. एका गोळीची त्रिज्या आणि जवळच्या गोळ्यांमधलं अंतर बरोबर येतंय, पण दाढ ते दाढ हे अंतर पाच स्कॅनमध्ये खाली-वर होतंय, तर हात स्थिर नाही, बहुधा समोरच्या दातांवर घाई होतेय. पाचही वेळा अंतर जवळजवळ सारखं येतंय आणि कागदावरच्या आकड्यापेक्षा एकाच दिशेला हुकतंय, तर कॅलिब्रेशन करा आणि पुन्हा मोजा. तरीही तेवढंच हुकत असेल तर मार्ग बदलून बघा, कारण एकाच चुकीच्या सवयीनंही तीच चूक दर वेळी होते. त्रिज्याच चुकीची येत असेल तर टिपचा आरसा किंवा गोळीवर राहिलेली चमक तपासा.

हे सगळं पहिल्यांदा करायला एक दुपार जाते. पुढच्या वेळी तासाभरात होतं. स्कॅनर नवीन असताना एकदा, मग दर तीन महिन्यांनी, आणि यंत्र पडलं, दुरुस्त होऊन आलं किंवा सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती बदलली की पुन्हा. वहीत तारीख, टिपचा नंबर, खोलीचं तापमान आणि सहा अंतरं लिहा. दाढ ते दाढ अंतरातली तुमची नेहमीची चूक ५० मायक्रॉनच्या आत असेल तर लांब ब्रिजही बिनधास्त पाठवा. १०० च्या पुढे असेल तर हात बसेपर्यंत स्कॅनवर कॅप आणि तीन दातांचे ब्रिजच करा, लांबचे पुट्टीनं घ्या. आणि लॅबला त्या वहीतला आकडा कळवा, आम्ही सिमेंटची जागा त्याप्रमाणे ठेवतो.